'ए'चं बटण

'ए' म्हणून हाक मारली की वयनीला ऐकू यायचं नाही. कानांत दोष होता असं नाही. खाली रस्त्यावर मासळीवाली दबक्या आवाजात "बोंबील" म्हणाली तरी ती मशीन थांबवून खिडकीशी जायची. पण आमचा छोटा शेठ, मालकाचा मुलगा, केबिनमधून "ए!" म्हणून ओरडला, की वयनीची बोटं उलट जोरात चालायला लागायची. तो पुन्हा ओरडायचा. शेवटी कंटाळून उठायचा, तिच्या टेबलापुढे येऊन उभा राहायचा नि विचारायचा, "ऐकू येत नाही का?"

"येतंय की," वयनी मान वर न करता म्हणायची. "पन ए म्हनजे कोन? माझ्याकडं एकच ए हाय. तो बघ, डाव्या करंगलीखाली. त्याला बोलवतोस?"

आणि करंगळीने टपकन 'ए' दाबून दाखवायची. अग्रीमेंटच्या मध्येच एक फुकटचा ए उमटायचा. तो नंतर मला खोडावा लागायचा. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

ही नव्वदनंतरची गोष्ट. भाईंदर पूर्वेला एका बिल्डरच्या ऑफिसात आम्ही दोघी टायपिंगला होतो. मिठागरांवर नि भातशेतीवर इमारती चढत होत्या, आणि प्रत्येक फ्लॅटमागे कागदांचा हा एवढा गठ्ठा. आधी टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले. वयनी इथल्याच गावातली. आमची इमारत जिथे उभी होती तिथे तिच्या सासऱ्याचं शेत होतं. जमीन देताना म्हाताऱ्याने अट घातली होती म्हणे, की सुनेला टायपिंग येतं, तिला नोकरी द्या. म्हणून ती तिथे होती, आणि हे ती कुणाला विसरू द्यायची नाही. एसीवाल्या केबिनकडे बोट करून म्हणायची, "तो बसलाय ना, तिथं आमचा कोलम व्हायचा. कोलमावर बसून मना ए म्हनतो." शेठपासून अकाउंटवाल्या काकांपर्यंत सगळे तिला गावच्या पद्धतीने वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. छोटा शेठ तेवढा म्हणायचा नाही.

मी तिथे लागले तेव्हा नुकती बी.कॉम. झाले होते. आमच्या घरातली पहिली. वडील परभणीकडून आलेले, रेल्वेच्या गँगमध्ये रुळांखालची खडी भरणारे. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बसायला खुर्ची हाय का?" हाय म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. पगारसुद्धा नाही.

माझं नाव संघमित्रा. ऑफिसात ते कुणाला नीट म्हणता यायचं नाही, किंवा म्हणायचं नव्हतं. काका 'बेटा' म्हणायचे. शेठ 'वो लडकी' म्हणायचे. छोटा शेठ अर्थात 'ए'. वयनीच्या जिभेवरही ते पुरतं वळायचं नाही. ती 'संगमितरा' म्हणायची. पण म्हणायची पूर्ण. कुणी 'संगी' म्हटलं तर म्हणायची, "आयबापानं येवढा लांब नाव ठेवलाय ते काय तू कापाला?" मी तिला सुरुवातीला 'तुम्ही' म्हणत होते. तर माझ्याच अंगावर आली, "तुमी काय गो? मी काय तुझी मास्तरीन? तू म्हन."

वयनी संत नव्हती, हेही लिहायला पाहिजे. सुरुवातीचे कितीतरी दिवस ती माझ्या डब्यातलं काही घेत नव्हती. स्वतःच्या डब्यातली मासळी मला द्यायची, माझं मात्र "पोट भरला" म्हणून टाळायची. मला कळत होतं. हे कळायला बी.कॉम. लागत नाही. मग एके दुपारी आईने ज्वारीची भाकरी नि खरडा दिला होता, त्याचा वास सुटला. वयनीने हात पुढे केला नि एक तुकडा मोडून घेतला. खाल्ला, पाणी प्यायली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आदी न्हवते खात मी. आमच्यात तसाच शिकवलेला. चुकीचा शिकवलेला. उद्या दोन आन." एवढंच. पुन्हा त्यावर बोलली नाही, आणि नंतर रोज माझ्या डब्यातली एक भाकरी तिची असायची.

असं सरळ कुणी बोललं तर राग धरता येत नाही. राग येतो तो गोड बोलणाऱ्यांचा. आमच्या ऑफिसात चहा टपरीवरून किटलीत यायचा नि ऑफिसच्या कपांत ओतला जायचा. सगळे कप सारखेच पांढरे. मी लागले त्याच आठवड्यात अकाउंटवाल्या काकांनी एका कपाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि तो माझ्या हातात दिला. "गैरसमज नको हं बेटा. ज्याचा त्याचा कप वेगळा असलेला बरा. स्वच्छता." गंमत अशी की ठिपका फक्त माझ्याच कपाला होता. बाकी कुणाचा कुणाचाही कप चालत होता. माझा मी धुवायचा, खिडकीत ठेवायचा. त्याला कुणाचा हात लागायचा नाही.

वयनीला हे कळलं तेव्हा ती काकांशी भांडली, आणि तिचं भांडण म्हणजे खालचा पानवाला वर बघायचा. काही उपयोग झाला नाही. काका हसत राहिले. मी घरी जाताना धुमसत होते, तर मला म्हणाली, "राग काय लोनच्यासारखा बरनीत भरून ठेवाचा असतो? आजचा आज काढाचा नि मोकला व्हायचा. मुरला का तो आपल्यालाच खातो." ती खरोखर तशी होती. सकाळी भांडली की दुपारी त्याच माणसाला सुक्या कोळंबीचे सोडे देऊन यायची. मला ते कधी जमलं नाही.

आता लॅपटॉपची गोष्ट. छोट्या शेठच्या कुणा नातेवाइकाने परदेशातून आणला होता. तोवर आम्ही लॅपटॉप पाहिलाही नव्हता. छोटा शेठ तो काखेत मारून घोडबंदरच्या साइटवर जायचा, फ्लॅट घेणाऱ्या पार्टीसमोर उघडायचा, एका बोटाने टकटक करायचा. ऑफिसात जाहीर झालं होतं, "कोई हाथ नहीं लगाएगा." वयनी म्हणाली, "कोन लावतोय? तुझा ए हाय त्यात, राहू दे त्याला."

त्या दुपारी मी बँकेत गेले होते नि वयनी जेवायला घरी. परत आले तर केबिनच्या दारात शेठ, छोटा शेठ नि काका. टेबलावर लॅपटॉप उपडा, खाली पाणी पुसल्यासारखं ओलं, आणि शेजारी एक कप आडवा पडलेला. बुडाचा लाल ठिपका माझ्याकडे बघत होता.

"ए, ये क्या किया तूने?" छोटा शेठ म्हणाला.

मी म्हटलं, मी बँकेत होते.

"जाने से पहले चाय किसने पी? कप किसका है?"

"कप माझा आहे. मी तो धुऊन खिडकीत ठेवून गेले होते."

"मग तो चालत आला काय?" छोटा शेठ हसला. काका छताकडे बघत होते.

शेठ माझ्याशी बोललेच नाहीत. काकांना म्हणाले, "इन लोगों को चीज़ की कदर नहीं होती. कल से मत बुलाओ."

 इन लोगों को. कोण लोग? आणि त्याहून मला जाळत होता तो कप. ज्या कपाला त्या ऑफिसात कुणी कधी बोट लावलं नाही, त्याला त्या दिवशी कुणीतरी हात लावला होता. माझ्यावर आळ घ्यायचा म्हटल्यावर विटाळ गेला! नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती. पण 'तिने सांडलं, तिला अक्कल नव्हती' हे माझ्यामागे स्टेशनपर्यंत, घरापर्यंत, वडिलांच्या कानापर्यंत आलं असतं. खुर्ची हाय का, असं विचारणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते?

तेवढ्यात वयनी आली. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेठना म्हणाली, "मशीन मना द्या."

"वयनी, ये टाइपरायटर नहीं है."

"बटनं हायत ना त्याला? मग द्या. उद्या पार्टी येनार, मुंबईचा मेकॅनिक काय उद्या देतोय?"

उद्या पार्टी येणार होती हे खरं होतं. शेठनी मान हलवली. वयनीने लॅपटॉप आपल्या टेबलावर आणला. बॅटरी मी काढली. तिने मोठा दिवा ओढला, खाली कालचा पेपर पसरला, अंबाड्यातली आकडी काढली नि तिच्या टोकाने एकेक बटण उचकटायला लागली. टाइपरायटर धुताना वापरायचो ते स्पिरिट नि जुना टूथब्रश ड्रॉवरमध्ये होताच. मी म्हटलं, "वयनी, बटणं ओळीने मांड, नाहीतर परत बसवताना—" तर म्हणाली, "वीस वर्सं झाली, हाताला ठाऊक हाय सगला." आणि सगळी बटणं पेपरवर चिंचोक्यांसारखी टाकली.

मधल्या ओळीतली बटणं निघाली तशी ती थांबली. चहा वाळला की तपकिरी डाग पडतो. इथे तर खाली गुलाबी चिकटा होता, आणि त्यात काळे काळे बारीक दाणे. वयनीने आकडीच्या टोकावर एक दाणा घेतला. बोटावर ठेवला. दुसऱ्या हाताने पाण्याचा थेंब सोडला. आम्ही सगळे बघत होतो. दाणा हळूहळू फुगला, भोवती पांढरट पडदा आला.

"शेठ, इकडं या," वयनी म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. ती ओरडायची तेव्हा कुणी घाबरायचं नाही, पण हा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "हा काय हाय?"

शेठ वाकले. "सबजा," ते म्हणाले.

"सबजा. आनी हा गुलाबी? गुलाबाचा सरबत. नया नगरचा फालुदा. आमच्या संगमितराच्या चहात सबजा कवापासून पडाला लागला?"

छोट्या शेठचा चेहरा फालुद्याच्या रंगाचा झाला. नंतर कळलं, दुपारी त्याचा मित्र आला होता, पिशवीतून फालुदा घेऊन. हे काकांनी बघितलं होतं. वयनीने त्यांच्याकडे वळून विचारलं, "काका, तुमी इथंच होता ना?"

"मी बेरीज करत होतो," काका म्हणाले.

"मग ही पन करा. फालुदा त्याचा, हात त्याचा, कप हिचा. किती झाले?"

मला वाटलं, आता शेठ काहीतरी म्हणतील. निदान मुलाला एक शब्द. शेठ सरळ झाले, खिशातून रुमाल काढून हात पुसले, म्हणाले, "ठीक है. हो गया. बात खतम. लडकी कल आ जाए." आणि केबिनमध्ये गेले.

बात खतम! आळ घेताना सगळे दारात उभे होते, आणि तो खोटा ठरला तेव्हा दार लावून घेतलं. नोकरी परत मिळाली, ती भीक घातल्यासारखी. माझं नाव कुणी धुऊन दिलं नाही.

वयनीने सगळं पुसून काढलं, टेबलफॅनसमोर लॅपटॉप उभा करून वाळवला आणि बटणं बसवायला घेतली. इथे तिची फजिती झाली. वीस वर्षांत तिने बटणांकडे बघितलंच नव्हतं! बोटांना ठाऊक होतं, डोळ्यांना नव्हतं. रिकाम्या जागेवर बोटं ठेवायची, हवेत टाइप करून बघायची, नि नेमकं चुकीचं बटण उचलायची. शेवटी मी आमच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड शेजारी ओढला. मी बघून अक्षर सांगायचे, ती ते ढिगातून शोधायची, खालच्या इवल्याशा खटक्यावर ठेवून अंगठ्याने दाबायची. टक्. "पुढचा?" टक्. एका बटणाचा खटका तिच्या हातून मोडला. तो 'एम' शेवटपर्यंत हलत्या दातासारखा राहिला. "मोडू दे," ती म्हणाली. "येवढा तरी नुकसान होवा दे."

सगळी बटणं बसली. एक जागा रिकामी होती. डाव्या करंगळीची.

लॅपटॉप सुरू झाला. छोटा शेठ धावत आला, बघितलं, म्हणाला, "ए, ये एक रह गया."

वयनीने मूठ उघडून दाखवली नि परत मिटली. "ए इथं हाय. आधी हिचा नाव घे. पूर्न. मग म्हन, चूक माझी होती. लगेच लावते."

"ए, नाटक मत कर. दे इधर."

"बघ, परत मागतोस. तुला फार लागतो ना हा? म्हनून तर तो घेतला."

तो बापाला हाक मारत आत गेला. वयनीने पर्स उचलली, मूठ न उघडताच, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा ती आधीच आली होती. टेबलावर ऑफिसचे सगळे कप उपडे मांडलेले, तिच्या हातात लाल नेलपॉलिशची बाटली. प्रत्येक बुडावर एकेक ठिपका. फुंकर मारून वाळवत होती. मी बघत राहिले. "काय बघतेस? स्वच्छता," ती म्हणाली.

शेठ आले, बटण मागितलं. वयनीने तीच अट सांगितली. शेठ समजावणीच्या सुरात म्हणाले, "बच्चा है, जाने दो." वयनी म्हणाली, "लग्नाला आलेला बच्चा! ही पन कुनाची बच्चीच हाय." मग शेठ म्हणाले, तुम्ही आता घरीच आराम करा.

ती वाद न घालता उठली. खुर्चीवरची स्वतःची उशी काखेत घेतली. मीही पर्स उचलली, तर माझ्यावर कडाडली, "बस खाली! तू उठलीस तर त्यांना बरंच हाय. मग ते सांगतील, सांडलान् नि पलून गेली. तुझ्या बापानं उभा राहून खडी भरली, तवा ही खुर्ची आली. ती सोडाची न्हाय." आणि गेली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मी बसले. दात आवळून बसले.

चहा आला. काकांनी सवयीने आपला कप उचलून बुड बघितलं. लाल ठिपका. दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग सगळे कप एकेक करून उलटे केले. त्या दिवशी काका चहा प्यायले नाहीत. मी हाताला येईल त्या कपात प्यायले, आणि पुन्हा कधीही खिडकीत कप ठेवला नाही.

लॅपटॉपला 'ए'ची जागा तशीच राहिली. खालच्या रबरावर बोट दाबलं की अक्षर उमटायचं, पण दर वेळी छोट्या शेठला त्या भोकात बोट घालावं लागायचं. माफी त्याने मागितली नाही. संघमित्रा म्हणाला नाही. पण 'ए'ही म्हणाला नाही. मला हाक मारणंच त्याने सोडून दिलं. काम असलं की काकांकडून निरोप पाठवायचा. वयनी ऑफिसातून 'ए' घेऊन गेली ती गेलीच.

नंतर तिने घराच्या ओटीवर टायपिंगचा क्लास काढला. पोरींना बोटांवर मारायची नि डोळ्यांवर रुमाल बांधून टाइप करायला लावायची. मी बँकेच्या परीक्षेत पास झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. तिने पेढा तोंडात टाकला, आतून हळदीकुंकवाचा करंडा आणला, त्यातून ते बटण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. कडेला कुंकू लागलं होतं. "घे. तुझ्या नावाचा हाय. कुनी तुना ए म्हनला तर त्याला दाखव."

मला नंतर कुणी तसं म्हणालं नाही. माझ्या टेबलावर नावाची पाटी होती. पण ती पाटी नसलेली माणसं असतातच. वयनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी आमच्या शाखेत एक नवा साहेब आला, आणि फरशी पुसणाऱ्या बाईंना दारातून ओरडला, "ए!" मी उठले, ड्रॉवरमधून बटण काढलं नि त्याच्या टेबलावर ठेवलं. "तुमचा ए हरवलाय वाटतं. हा घ्या. त्यांचं नाव सुमन आहे." बटण मी परत उचललं. ते कुणाला द्यायचं नसतं, फक्त दाखवायचं असतं.

लोक मला म्हणतात, इतक्या जुन्या गोष्टीचा अजून राग? फालुदा तर सांडला होता. हो, फालुदाच सांडला होता. वयनी, तू सांगितलेलं सगळं मी ऐकलं. खुर्ची सोडली नाही, नाव कापू दिलं नाही. एवढं एक मात्र नाही ऐकलं. राग मी बरणीतच ठेवलाय. चांगला मुरलाय.